घट्ट मुंढा, मोकळा हात

दशावतारात अंगाला चिकटणारा कपडा नको, असं मी कित्येक वर्षं ठामपणे म्हणत आले. तशी ऑर्डर आली तर परत पाठवायची, कोणी वाद घातला तर मीही घालायचे. आज दुकानातल्या दांडीवर संकासुराचा जो काळा पोशाख टांगलेला आहे, तो चारी बाजूंनी ताणणाऱ्या कापडाचा आहे, एकाच नटाच्या अंगावर बेतलेला आहे आणि माझ्या हातचा आहे. मत कसं फिरलं ते लिहावंसं वाटतं. माझं जुनं मत उगाच नव्हतं. ते ज्यांचं आजही आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि खरं तर त्यांनीच हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आमचं घर शिवणकामाचं. वडील मालवण-कुडाळकडच्या दशावतारी मंडळींचे कपडे शिवायचे, मी बायकांचे ब्लाउज शिवता शिवता त्या कामात ओढली गेले. दशावतार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि मंडळी पेटारा घेऊन बाहेर पडतात. खेळ देवळापुढे, रात्री उशिरा सुरू होणारा, पहाटे दहीकाल्याने संपणारा. पहिला भाग आडदशावताराचा. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात, मग वेद चोरणारा संकासुर येतो आणि त्याला मारायला विष्णू. नंतर पुराणातलं आख्यान. परंपरेने सगळी कामं पुरुषांची, स्त्रीपात्रांचीसुद्धा. संवाद लिहिलेले नसतात, कथानक आधी ठरतं आणि बोलणं जागच्या जागी सुचतं. नेपथ्य म्हणाल तर मागे पडदा आणि पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत.

अशा रंगमंचावर इंद्राची सभा उभी करायची ती कशाच्या जोरावर? नटाची वाणी, पायपेटी-पखवाज-झांज, आणि कपडा. वडिलांनी मला शिकवलं ते हेच. राजाचा मखमली कोट खांद्यावर रुंद धरायचा, जर छातीवर दाट लावायची, घेर सढळ ठेवायचा. गॅसबत्तीच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला नाकडोळे दिसत नसत. तिला दिसायची ती आकृती. आकृती मोठी, झळाळती, माणसापेक्षा वेगळी दिसली की तिचा हात आपोआप जोडला जायचा. म्हणजे कपड्याचं काम नटाचं अंग झाकून टाकण्याचं. गावातला सुतार किंवा रिक्षावाला त्या कापडाच्या आत नाहीसा व्हायला हवा. अंगाला चिकटणारा कपडा नेमकं उलटं करतो, तो आतला माणूस उघडा पाडतो. हे माझ्या विरोधाचं पहिलं कारण.

दुसरं कारण देवळाचं. समोर पालखी, आयाबाया, पोरंटोरं बसलेली. तिथे पुरुषाने तंग कपड्यात यावं हे मनाला रुचत नव्हतं, आणि ही भावना मी जुनाट म्हणून झटकून टाकणार नाही.

तिसरं कारण मात्र धंद्यातल्या अभिमानाचं. ताणणारं कापड मला आळशी शिंप्याचं कापड वाटायचं. ब्लाउज बेतायचा तर छातीचा टक्स कुठे मारायचा, कटोरी किती काढायची, पाठ किती उतरती ठेवायची याचा विचार करावा लागतो. मखमल किंवा पॉपलिन काही माफ करत नाही. लायक्रा मात्र सगळं माफ करतं, कसंही कापा, ओढून बसतं, असं मी समजत होते. हल्लीच्या ट्रिकसीनच्या, म्हणजे चमत्कारांची दृश्यं दाखवणाऱ्या, प्रयोगांत शहरातून आणलेले तयार पोशाख यायला लागले, त्यांनी ते पक्कं झालं. चकचकीत कापडावर छापलेले दंड नि पोटाचे स्नायू, आणि आत उभा असलेला हाडकुळा पोरगा. काखेत सुरकुत्या, मांड्यांमध्ये लोंबणारी झोळी, गुडघ्याला फुगे. वर लेबल ‘फ्री साइज’. हे म्हणजे कोणाच्याच मापाचं नाही.

या तिन्ही कारणांपैकी आधी डळमळलं ते पहिलंच, आणि तेही रंगपटात उभी असताना.

एका जत्रेत मी पडद्याच्या कडेला होते. संकासुराचं सोंग चाललं होतं. ज्यांना हे पात्र माहीत नाही त्यांना सांगते, आमच्या दशावतारातलं सर्वांत लाडकं सोंग हेच. काळा वेश, तोंडावरून काळा बुरखा, लाल जीभ, आणि भाषा अस्सल मालवणी. तो भटजीला पिडतो, उड्या मारतो, गावातल्या घडामोडींवरही बोलून घेतो. त्याचा सदरा आमच्याच घरचा, काळ्या पॉपलिनचा, सैल. त्याने दोन्ही हात वर केले आणि सगळा सदरा वर आला. कमरेचा पट्टा बरगड्यांवर चढला, पाठीला पांढरं बनियन दिसलं. त्याने एका हाताने सदरा खाली ओढला, पुन्हा हात उचलला, पुन्हा सदरा वर. ती ओढ मला मागून दिसत होती. पुढे बसलेल्यांना एवढंच जाणवत असणार की याचे हात खांद्याच्या वर फारसे जात नाहीत. कपडा सांभाळत सांभाळत तो सोंग करत होता. त्या क्षणी मंचावर संकासुर नव्हता, सदरा सावरणारा माणूस होता. आणि मी तर सैल कपड्याने माणूस नाहीसा होतो असं मानत होते.

सदरा वर का जातो याचं उत्तर मला त्या रात्री शोधावं लागलं नाही, ते मला ठाऊकच होतं. मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते तो काखेचा गोल, खोल असला की बाही काखेच्या खाली धडाला जोडली जाते; हात उचलला की बाही धडाला वर खेचते. मुंढा वर घेतला, काखेत घट्ट बसवला, की हात एकटाच उठतो, धड जागच्या जागी राहतं. मासे विकणाऱ्या बायका ब्लाउज शिवायला टाकतात तेव्हा बजावून सांगतात, मुंढो खोल काढू नको. डोक्यावर पाटी चढवायची असते त्यांना. खोल मुंढ्याचा ब्लाउज पाटीबरोबर वर येतो. त्यांच्यासाठी मी रोज मुंढा घट्ट काढत होते आणि मंडळींच्या कपड्यांत मात्र ‘जरा सैल राहू दे, नाचायचं आहे’ म्हणून खोल. कारण वडील तसं काढायचे. राजाच्या कोटाला ते शोभतं, राजा बाकड्यावर बसतो, तलवार उपसतो, चालतो. संकासुर उड्या मारतो. दोघांना एकच बेत लावण्यात काही अर्थ नव्हता.

पण पॉपलिनमध्ये मुंढा घट्ट करायलाही मर्यादा आहे. विणलेल्या ताग्याचं कापड ताण्या-बाण्याचं, तिरकी दिशा सोडली तर ते ताणत नाही. संकासुर उकिडवा बसतो, लोळतो, एका पायावर गिरकी घेतो. उकिडवं बसलं की माणसाची पाठ मानेपासून बैठकीपर्यंत चांगली दोन-तीन इंच लांबते. एवढी लांबी कपड्यात आधीच ठेवली तर उभं राहिल्यावर ती लोंबते, नाही ठेवली तर आसनात, म्हणजे पायांमधल्या जोडावर, फाटतं. ही अडचण बेताने सुटत नाही, कापडानेच सुटते. फाशांत विणलेलं कापड हवं, बनियनसारखं, आणि ताणल्यावर परत जागेवर येणारं. त्या परत येण्यासाठी त्यात लायक्राचा धागा लागतो. हा धागा १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने तयार केला. आज कापडात तो शंभरात पाच ते वीस भागच असतो, पण सगळा जीव त्याच्यात.

तरी मन मानत नव्हतं, कारण ‘परंपरा’ नावाची गाठ होती. ती सोडवताना मी जरा वाचन केलं. अंगाबरोबरचा एकसंध कपडा जगभर गाजवला तो ज्यूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूने. १८५९ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत झुल्यावरून झुल्यावर झेपावण्याचा खेळ त्याने पहिल्यांदा केला, आणि अंगावर विणीचा तंग कपडा होता. सैल बाही झुल्याच्या दोरात अडकली असती तर जीव गेला असता. आपल्याकडे सर्कस उभी केली ती विष्णुपंत छत्रे यांनी, १८८० मध्ये. सांगलीकडचा माणूस. तेव्हापासून मराठी गावागावांतून लोकांनी तंग कपड्यातले कसरतपटू तंबूत बसून पाहिले. मल्लखांबावरच्या गड्याच्या अंगावर तर जेमतेम लंगोट असतो. अंग दिसतं म्हणून कोणी तिथून उठून गेल्याचं ऐकलं नाही, कारण बघणाऱ्याची नजर अंगावर राहत नाही, ते अंग काय करतंय यावर जाते.

आणि परंपरा तरी कुठली धरायची? आडिवऱ्याच्या शामजी नाईक काळ्यांनी १७२८ मध्ये हा खेळ कोकणात आणला असं सांगतात. म्हणजे खेळच मुळात बाहेरून आला आणि इथे रुजला. पायपेटी युरोपातली. वडिलांची मखमल काही मालवणात विणली जात नव्हती. गॅसबत्ती गेली, वीज आली. वरून माईक लोंबायला लागला. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी कुरकुरलं असणार. मी कुरकुरणाऱ्यांतली होते इतकंच. राजाच्या कोटाबद्दलचं वडिलांचं म्हणणं आजही मला शंभर टक्के पटतं. मला सोडावी लागली ती एवढीच समजूत, की सगळ्या पात्रांचं अंग सारखंच झाकायला हवं.

मग मंडळीतला एक तरुण नट दुकानात आला. त्याला संकासुराचं काम नवीन मिळालं होतं. त्याने मला काय हवं ते एका वाक्यात सांगितलं, “काकी, कपडो माझ्यावांगडा येवक व्हयो.” म्हणजे मी हलेन तसा तोही हलला पाहिजे. याहून नेमकी ऑर्डर मला कोणी दिलेली नाही.

काम सुरू केलं आणि माझा तिसरा समज, तो धंद्याच्या अभिमानाचा, पहिल्याच मापाला गळून पडला. ताणणारं कापड काही माफ करत नाही. उलट जिथे चुकलं तिथे ते सगळ्यांना दाखवतं. कपडा अंगापेक्षा लहान बेतायचा असतो, हेच शिंप्याच्या हाताला आधी जमत नाही. आम्हाला मापात भर घालायची सवय, इथे माप कमी करायचं. किती कमी, ते कापड सांगतं. चार इंच कापड पट्टीवर धरून ओढायचं. सहा इंचांपर्यंत सुखाने गेलं आणि सोडल्यावर परत चारावर आलं तर ते कामाचं. परत आलं नाही तर कितीही ताणलं तरी उपयोग नाही, दोन प्रयोगांत गुडघ्याला पिशव्या येतील. अशा कापडात छत्तीसच्या छातीला साधारण बत्तीस-तेहतीसचा बेत बसतो. लांबीत मात्र इतकं कमी करून चालत नाही, नाहीतर उडी मारताना खांदा आणि आसन दोन्ही एकमेकांकडे खेचले जातात.

त्यासाठी एक माप घ्यायचं असतं ते ब्लाउजात कधीच लागत नाही. एका खांद्याच्या मध्यावरून टेप पुढून खाली, पायांमधून मागे, पाठीवरून परत त्याच खांद्यावर. हे माप उभं असताना घ्यायचं आणि उकिडवं बसवूनही घ्यायचं. एकसंध पोशाखाचं सगळं सुखदुःख या एका घेरात आहे. तो आखूड झाला तर नट रात्रभर खांदे पाडून चालेल, लांब झाला तर मांड्यांमध्ये तीच झोळी, जिच्यावरून मी शहरातल्या पोशाखांना नावं ठेवत होते.

बेत मात्र टेपने नीट निघेना. तेव्हा पोशाखवाले वापरतात ती युक्ती केली. घरामागच्या खळ्यात पोराला उभं केलं, अंगावर टाकाऊ तंग टी-शर्ट आणि जुनी लेगिंग. त्यावर कागदी चिकटपट्टीचे तुकडे एकमेकांवर चढवत सगळं अंग मढवलं. श्वास भरून छाती फुगवायला सांगायची आणि तेव्हाच छातीवरची पट्टी लावायची, नाहीतर बेतच श्वास कोंडणारा निघतो. काखेत पट्टी लावताना हात अर्धा वर उचललेला. मग जाड पेनाने अंगावर रेषा मारल्या. पुढचा मध्य, पाठीचा कणा, बगलेची बाजू, कंबर, गुडघ्याची वाटी, मुंढ्याचा गोल. गुडघ्यामागची वळी जिथे पडते तिथे आडवी रेघ. शेवटी त्या रेषांवरून कात्री चालवून सगळी साल सोडवली आणि जमिनीवर पसरली. माणसाचं अंग सपाट होताना बघणं हा मला या सगळ्या कामातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. काही तुकडे निमूट पसरतात. काही पसरतच नाहीत, कडेने उचलून येतात. तिथे कात्रीने छोटा काप द्यायचा, काप जेवढा उघडतो तेवढा तिथे टक्स किंवा वेगळा तुकडा हवा. त्या पोराचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता, एरवी तो काजूच्या गोणी उचलतो. टेपने ते मला दिसलं नव्हतं. ‘फ्री साइज’ला ते कधीच दिसणार नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, तरी जिथे हात अडतो तिथे थांबते. कापड आणलं की लगेच कापायचं नाही. गुंडाळीत ते ताणलेलं असतं, रात्रभर उलगडून ठेवायचं. कापताना एक टोकही टेबलावरून लोंबता कामा नये, वजनाने ताणतं आणि बेत बिघडतो. सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवायचे, काळ्यालाही झाक असते, दिव्याखाली एक मांडी उजळ आणि एक काळी दिसते. साधी टोकदार सुई फासा तोडते आणि तिथून कापड उसवत जातं, म्हणून गोल टोकाची बॉलपॉइंट सुई. ती फासे बाजूला सारून जाते. दोरा सुती नको, पॉलिस्टरचा. आणि सरळ टीप तर मुळीच नको. कापड ताणतं, सरळ टिपेचा दोरा ताणत नाही. पहिल्याच गिरकीला ‘कट्’ आवाज येतो आणि शिवण सुटते. बारीक नागमोडी टीप मारायची किंवा थेट ओव्हरलॉक. वडिलांचं काळं मशीन फक्त सरळ टीप मारतं, त्यामुळे या एका कामासाठी ते बाजूला ठेवावं लागलं, आणि ते ठेवताना मला वाईट वाटलं.

काखेत आणि आसनात मी चौकोनी तुकडा घालते. चार शिवणी एका बिंदूवर आल्या की सगळा ताण त्या बिंदूवर पडतो. त्या तुकड्याने तो वाटला जातो. हे मी पुस्तकातून घेतलं असं नाही. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेणारी पोरं आपले पाणसूट दोरीवर वाळत घालतात. एके दिवशी मी एक सूट आत-बाहेर उलटून पाहिला. काखेत वेगळा तुकडा, गुडघ्यावर वेगळा, बगलेची शिवण मुद्दाम पाठीकडे सरकवलेली, म्हणजे हात धडाला घासला तरी शिवण घासत नाही. आणि पाठीवरच्या चेनीला खाली लोंबणारी लांब नाडी, ती ओढून चेन आपली आपण लावता येते. मंडळीत कपडे बदलायला मदतनीस नसतो, नटच एकमेकांना आवळतात. ती नाडी मी उचलली. चेन नायलॉनची, आमच्या खाऱ्या हवेत धातूची चेन पावसाळाभर पेटाऱ्यात राहिली की गंजते. चेनीखाली न ताणणारी अरुंद पट्टी शिवायची, नाहीतर पाठीवर लाटा उठतात.

बुरख्याने मात्र मला खरोखर छळलं. ताणणारं कापड तोंडावर बसवलं की रूप सुरेख येतं, पण नट बोलायला लागला की श्वासाबरोबर कापड ओठांना चिकटतं, शब्द गुदमरतात. संकासुराचं सगळं वैभव त्याच्या बोलण्यात. सोंग कितीही देखणं झालं आणि भटजीशी त्याची जुगलबंदी मागच्या रांगेला ऐकू आली नाही, तर माझ्या कामाची किंमत शून्य. शेवटी बुरखा जबड्यापर्यंतच अंगाबरोबर ठेवला. तोंडापुढे काळी जाळी, आतून बारीक वळशाने पुढे उचलून धरलेली, म्हणजे ओठ आणि जाळी यांत बोटभर अंतर राहतं. लाल जीभ त्या जाळीच्या वरून सोडली. समोरून जाळी दिसत नाही, आवाज स्वच्छ येतो.

देवळाच्या मर्यादेचं काय, हे मी विसरले नव्हते. आतून पक्का लंगोट आणि वरून कमरेला काळ्याच कापडाचा आखूड घोळ, गुडघ्याच्या बराच वर. घोळ गिरकीत फुलतो, सोंगाला उठाव देतो आणि जिथे नजर जायला नको तिथे जात नाही. मला वाटतं, तंग कपड्याबद्दलची बरीच अवघडलेली भावना या एका घोळाने मिटते. पण तो घोळ नको म्हणणारी मंडळी आली तर मी अजूनही शिवून देणार नाही.

त्या पोराने पोशाख चढवला, हात वर केले, धड जागच्या जागी राहिलं. तो उकिडवा बसला, उठला, लोळला, पुन्हा उभा राहिला आणि कपडा सारखा करायला हात एकदाही खाली गेला नाही. मला जे पाहायचं होतं ते तेवढंच होतं.

जुन्या नटांची मनं वळली ती मात्र संकासुराने नाही. आमच्याकडे एक ज्येष्ठ कलाकार आहेत, आयुष्यभर स्त्रीपार्ट केलेले. त्यांनी काळा पोशाख हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “ह्या घालून घाम खय जातलो?” प्रश्न अगदी रास्त होता. कार्तिकातल्या जत्रेत रात्री थंडी असते, पण प्रयोग मे महिन्यापर्यंत चालतात, आणि आमच्या दमट हवेत नायलॉन घाम शोषत नाही. तो पातळ कापडातून बाहेर येतो आणि लवकर वाळतो, हे खरं; तरी आत चिकचिक होतेच. सुती लायक्रा अंगाला गोड, पण घाम पिऊन पहाटेपर्यंत जड होतं आणि ओघळतं. दोन्हींत काहीतरी सोसावं लागतं. मी त्यांना तसंच सांगितलं.

मग त्यांनीच त्यांची अडचण काढली. स्त्रीचं अंग उभं करायला ते वर्षानुवर्षं कापूस आणि टॉवेलच्या घड्या बांधत आले होते. नाचताना घडी सरकते, एक बाजू खाली जाते, आणि रडण्याच्या प्रवेशातही लक्ष तिकडेच राहतं. त्यांच्यासाठी मी सुती लायक्राचं बिनबाह्यांचं आतलं अंग शिवलं, मांड्यांपर्यंतचं. छातीला आणि कमरेला आतून खिसे, त्यांत पातळ फोमचे आकार कापून बसवलेले, कडेला निमुळते केलेले, म्हणजे वरून कड उमटत नाही. पुरुषाचे खांदे रुंद, कमरेखाली अंग सरळ. नजरेला स्त्री दिसायची तर खांदे कमी करता येत नाहीत, कमरेखाली भर घालून तोल साधावा लागतो. त्यावर त्यांचं नेहमीचं पोलकं आणि नऊवारी. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही. वडिलांच्या शिकवणीप्रमाणे आतला पुरुष पूर्ण नाहीसा होतो, आणि तो नाहीसा होतो ते ज्या कापडाला मी दारात उभं करत नव्हते त्याच्यामुळे. या कामाने मला संकासुरापेक्षाही जास्त पटवलं. अंग उघडं पाडणं हा त्या कापडाचा स्वभावच नाही. बेतणारा ज्या बाजूला नेईल त्या बाजूला ते जातं.

तरी काही गोष्टी मी धरून ठेवल्या आहेत. विष्णू, राम, राजा यांना मखमल आणि घेरच. छापील स्नायूंचे पोशाख देवाच्या अंगावर नकोत. नटाच्या दंडात जेवढं बळ आहे तेवढं खरं, उरलेलं वाणीने उभं करावं. वानर, नाग, नरसिंह यांना मी आता ताणणारं कापड आपणहून सुचवते. नरसिंहाला तर विशेष, हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेऊन दोन्ही पंजे वर उचलायचे असतात, तिथे कपडा आडवा येऊन चालणारच नाही. जिथे एका नटाला दोन सोंगं आहेत तिथे एकसंध पोशाखाऐवजी वरचा-खालचा वेगळा करून कमरपट्ट्याखाली हुकांनी जोडते. पदाच्या दोन ओळींत बदलता आला पाहिजे, आणि रात्रभराच्या खेळात नटाला देहधर्मही असतात. धुण्याबद्दल कडक सांगते. गरम पाणी नाही, ब्लीच नाही, त्याने लायक्राचा धागा मरतो. घामट कपडा पेटाऱ्यात कोंबायचा नाही, सकाळी साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचा. मखमलीला हे कधी करावं लागलं नाही, म्हणून सुरुवातीला सगळे विसरतात.

सध्या वाद चाललाय तो मंडळीच्या मालकांशी. खर्च वाचावा म्हणून त्यांचं म्हणणं, कापड ताणतंच आहे तर एकच काळा पोशाख दोघा संकासुरांना आलटून पालटून चालवू. पूर्वी मी हेच बोलत होते, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण दुसरा नट याच्याहून बुटका आहे, छातीला भरलेला आहे, आणि खांद्यापासून पायांमधून परत खांद्यापर्यंतचा त्याचा घेर वेगळा आहे. मालकांना मी निरोप धाडलाय. कापडाच्या पैशांचं मागाहून बघू, आधी त्याला त्रिपुरीपूर्वी सवडीने खळ्यात पाठवा, आणि येताना फाटका टी-शर्ट घालून यायला सांगा.